सर विल्यम वानलेस आणि बरे न होणारे रोगी

विट्याहून तासगावमार्गे सांगलीस व तेथून पुढे मिरजेस जाणाऱ्या वाटसरूस, त्या दोन शहरांच्या दरम्यान, वानलेसवाडी नावाची वस्ती लागते. आमच्या खानापूर तालुक्यातील लहानथोरांच्या तोंडी हे नाव इतके रुळले आहे की, पाटलांच्या किंवा माळ्यांच्या वाडीप्रमाणे हेही एखादे जुने गावनाव असावे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते कॅनडात जन्मलेल्या एका शस्त्रवैद्याचे नाव आहे. त्या गृहस्थांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

मात्र एक गोष्ट प्रारंभीच सांगून ठेवितो. डॉ. वानलेस यांची कीर्ती पसरली ती त्यांच्या शस्त्रक्रियेमुळे. मोतीबिंदूने आंधळे झालेले, पोटात गाठी वाढलेले, मूतखड्याच्या वेदनांनी तळमळणारे लोक दूरदूरहून बैलगाडीने व आगगाडीने मिरजेस येत आणि बरे होऊन घरी परतत. अशा कथा सांगण्यास सोप्या व ऐकण्यास गोड असतात. आम्हास कुतूहल वाटते ते त्यांच्या चरित्रातील निराळ्याच भागाचे. शस्त्राने ज्यांचे काहीच करता येत नव्हते आणि औषधानेही फारसे साधत नव्हते, अशा दोन जातींच्या रोग्यांसाठी या शस्त्रवैद्याने दोन संस्था उभारल्या. एक १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी व दुसरी १९२० साली क्षयरोग्यांसाठी. या दोन्ही रोगांचे जंतू एकमेकांचे सख्खे नातलग आहेत. दोहोंचीही रीत अशी की, ते मनुष्याच्या देहात शिरून वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहतात आणि शरीर त्यांच्याशी मंदगतीने, परंतु अखंड, झगडत राहते. त्या झगड्याचे मर्म डॉक्टरांच्या हयातीत कोणासही पुरतेपणी उमगले नव्हते. आज ते पुष्कळ उमगले आहे, आणि म्हणूनच हे चरित्र आज नव्याने सांगण्यात अर्थ आहे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात चार्ल्सटन या गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क येथे घेतले व १८८९ मध्ये पदवी मिळविली. त्याच वर्षी मेरी मार्शल या सुशिक्षित परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला, आणि अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हे दांपत्य हिंदुस्थानास यावयास निघाले. डॉक्टरांचे वय त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते.

ते ज्या काळी शिकले तो वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा काळ होता. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेमधील डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये ओळखला होता. क्षयाचा जंतू आपणास सापडल्याचे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. पुढे दोनच वर्षांनी, म्हणजे १८८४ मध्ये, त्याच कॉख यांनी कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूचा छडा लावला. रोग हा दूषित हवेमुळे किंवा रक्तदोषामुळे होतो ही कल्पना मागे पडून, प्रत्येक साथीमागे एक सजीव शत्रू असतो ही कल्पना पुढे येत होती. तरुण वानलेस या नव्या विद्येत वाढले. शत्रू दिसू लागला होता खरा. परंतु त्याच्याशी लढणारे शरीरातील सैन्य कोणते, हे कोडे अद्याप सुटावयाचे होते.

वानलेस यांनी आपल्या कार्यास प्रथम सांगलीस आरंभ केला व थोड्याच काळात मुक्काम मिरजेस हलविला. मिरज हे पटवर्धन संस्थानिकांचे ठिकाण. पुण्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग तेथून जात असून १८९१ मध्ये कोल्हापूरची शाखाही तेथे येऊन मिळाली. दूरच्या रोग्यांस येण्याजाण्यास याहून सोयीचे ठिकाण या भागात दुसरे नव्हते. फिलाडेल्फिया येथील जॉन कॉन्व्हर्स या उदार गृहस्थाच्या देणगीतून मिरजेचे इस्पितळ उभे राहिले व १८९४ मध्ये ते सुरू झाले. पुढे तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, डॉक्टरांनी तेथे वैद्यकीय शाळा काढली. मिशनच्या शाळांतील व गावोगावच्या होतकरू तरुणांस तेथे वैद्यकीचे शिक्षण मिळे आणि हे विद्यार्थी पुढे हिंदुस्थानातील निरनिराळ्या इस्पितळांत कामास लागत. एका मनुष्याच्या दोन हातांनी होणारे काम कितीही मोठे असले तरी त्यास मर्यादा असते, हे वानलेस यांनी फार लवकर ओळखले होते. आमच्या मते त्यांच्या सर्व कृत्यांत ही शाळा काढण्याचे कृत्य सर्वांत दूरदृष्टीचे होय.

आता कुष्ठरोग्यांकडे वळू. जुन्या लोकांच्या तोंडी या रोगास महारोग असे नाव होते. रोग्यांच्या मनास ते लागते, म्हणून आता ते टाकून दिले गेले आहे व ते योग्यच झाले. त्या काळी हा रोग जडला की मनुष्य घरास पारखा होई. त्याचे ताट निराळे, मग झोपडी निराळी, आणि शेवटी गावच निराळे. देवळाच्या पायरीवर वा नदीच्या घाटावर भिक्षा मागत बसलेले झडलेल्या बोटांचे हे जीव सर्वांच्या दृष्टीस पडत. परंतु त्यांच्याकडे पाहावे असे कोणासच वाटत नसे. कोणी म्हणे हे पूर्वजन्मीचे पाप, कोणी म्हणे हा वंशाचा दोष. सरकारने १८९८ मध्ये एक कायदा केला, तोही निराश्रित कुष्ठरोग्यांस धरून कोंडून ठेवण्याची तरतूद करणारा. त्यानंतर दोनच वर्षांनी मिरजेस वानलेस यांच्या प्रयत्नाने कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. पुढे तेच रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय या नावाने प्रसिद्धीस आले.

तेथे औषध म्हणून काय देत असतील, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्या काळी सर्वत्र एकच औषध होते, ते म्हणजे चालमोग्र्याचे तेल. आमच्या सह्याद्रीच्या जंगलात कडू कवठाचे जे झाड आढळते, त्याच्या बियांचे तेलही त्याच जातीचे. हे तेल पोटात घेतले की मळमळे व ओकाऱ्या येत. पुढे ते सुईने टोचण्याची रीत निघाली. कित्येकांस थोडाबहुत गुण वाटे, परंतु रोग समूळ जात नसे. तेव्हा जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, पोटभर अन्न, स्वच्छ वस्त्र आणि माणसात बसण्याउठण्याची मुभा, हीच तेथील खरी चिकित्सा होती. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुष्ठरोगाने बोटे सडून गळतात, ही समजूत खोटी आहे. हा जंतू शरीरातील थंड भागांत, म्हणजे कातडीत, नाकात, कानाच्या पाळ्यांत व कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत राहतो. मज्जातंतू बिघडले की हातापायांस स्पर्श कळेनासा होतो. मग चुलीवरचे तापलेले भांडे हातात धरले तरी चटका जाणवत नाही, पायात काटा मोडला तरी कळत नाही, आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे झिजतात. जंतूपेक्षा बधिरताच अधिक घात करते.

अशा आश्रमात काम करणाऱ्या वैद्यांस एक चमत्कार नित्य दिसे. एका रोग्याच्या अंगावर दोनतीनच चट्टे असत, ते बधिर असत, आणि वर्षे लोटली तरी रोग तेथल्या तेथेच राही. दुसऱ्याचा मात्र चेहरा सुजे, भुवया झडत, कानांच्या पाळ्या जाड होऊन लोंबत व अंगभर गाठी उठत. पहिल्याच्या कातडीत सूक्ष्मदर्शकाने शोधूनही जंतू मिळणे कठीण. दुसऱ्याच्या कातडीत ते कोट्यवधी. पाहणाऱ्यास हे दोन निराळे रोग वाटावेत. परंतु जंतू एकच! मग हा भेद कशाचा?

हा भेद जंतूचा नसून यजमानाचा आहे, हे आता निश्चित झाले आहे. शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था दुहेरी असते. एक बाजू प्रतिद्रव्यांची. ही रक्तात फिरणारी द्रव्ये उघड्यावर सापडलेल्या जंतूस किंवा त्याच्या विषास चिकटून निकामी करतात. दुसरी बाजू पेशींची. तीत भक्षक पेशी जंतूस गिळतात आणि टी-पेशी नावाच्या दुसऱ्या रक्षक पेशी त्या भक्षक पेशींस चेतवितात. कुष्ठाचा व क्षयाचा जंतू मोठा धूर्त. तो भक्षक पेशीच्याच पोटात घर करतो. चोराने चौकीतच बिऱ्हाड करावे, तसा हा प्रकार. तेथे प्रतिद्रव्यांचा हात पोहोचत नाही. टी-पेशींनी चेतविलेली भक्षक पेशीच त्यास आतल्या आत मारू शकते. ज्याच्या शरीरात ही दुसरी बाजू बळकट, त्याच्या अंगावर दोनतीन चट्टे. ज्याची ती दुबळी, त्याच्या अंगभर रोग. आणि नवल असे की, या दुसऱ्या रोग्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये विपुल असतात! शस्त्रागार भरलेले, परंतु शत्रू ज्या घरात लपला तेथे ती शस्त्रे निरुपयोगी. रिडले व जॉप्लिंग या दोन वैद्यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्यांची रीतसर मांडणी केली. आजही तीच शिकविली जाते.

या बळकट प्रतिकाराची दुसरी बाजूही विसरता कामा नये. ज्याचे संरक्षण जोरदार, त्याच्या मज्जातंतूंत जंतू थोडे असूनही तेथे जी लढाई माजते, तिनेच मज्जातंतू चेचले जातात. म्हणजे देह स्वतःच्या पराक्रमाने स्वतःस जखमी करून घेतो. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ वरदान, अशी जी सामान्य समजूत आहे तीस या रोगाने चांगलाच छेद दिला आहे.

पालकांच्या मनातील भीती जावी म्हणून एक आकडा येथे देतो. मनुष्यजातीपैकी शंभरातील सुमारे पंच्याण्णव जणांस हा जंतू शरीरात शिरला तरी रोग होत नाही. त्यांचे शरीर त्यास परस्पर परतविते. जंतूची वाढही अत्यंत मंद, एकाचे दोन होण्यास जवळजवळ पंधरवडा लागतो. त्यामुळे लागण होऊन रोग प्रकट होण्यास सरासरीने पाच व क्वचित वीस वर्षेही लागतात. आश्रमांतून आयुष्यभर पट्ट्या बांधणाऱ्या सेवकांस हा रोग क्वचितच जडे, याचे कारण हेच होय. लोक त्यास दैवी चमत्कार म्हणत.

१९०६ मध्ये मेरीबाईंचे निधन झाले. परदेशात सतरा वर्षे ज्या स्त्रीने खांद्यास खांदा लावून काम केले, तिच्यावाचून ते इस्पितळ पुढे चालविणे डॉक्टरांस किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. पुढल्या वर्षी लिलियन हेवन्स या बाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. काम थांबले नाही, इतके खरे.

सुमारे त्याच वेळी, ज्या न्यूयॉर्क शहरात वानलेस शिकले, तेथे एक विलक्षण प्रकरण उघडकीस आले. मेरी मॅलन नावाची आयर्लंडमध्ये जन्मलेली एक धडधाकट स्वयंपाकीण ज्या ज्या घरी कामास राही, तेथे तेथे विषमज्वर उद्भवे. तिला स्वतःला काहीच होत नसे. १९०७ मध्ये तपास होऊन तिच्या विष्ठेत विषमज्वराचे जंतू सापडले. तिला एका बेटावरील इस्पितळात ठेवण्यात आले; १९१० मध्ये सोडले, परंतु ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाक करू लागली, म्हणून १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला तेथेच राहावे लागले. अशा मनुष्यास वाहक म्हणतात. विषमज्वरातून उठलेल्या शंभरांपैकी दोन ते पाच माणसे अशी दीर्घकाळ वाहक राहतात. त्यांच्या पित्ताशयात, बहुधा तेथील खड्यांवर, जंतू चिकट थर करून बसतात. वाहकाच्या रक्तात प्रतिद्रव्ये भरपूर असतात, त्यामुळे तो स्वतः आजारी पडत नाही. परंतु पित्ताशयातील तो तळ उठविणे त्या प्रतिद्रव्यांस साधत नाही. शरीराने शत्रूस हाकलले नाही, केवळ त्याच्याशी तह केला. त्या तहाची किंमत मात्र दुसऱ्यांनी भरावयाची! बिचाऱ्या मेरीला आपण निर्दोष आहोत असे शेवटपर्यंत वाटे, आणि तिचे तरी काय चुकले, असे आम्हास वाटल्याशिवाय राहत नाही.

क्षयाचा प्रकार याहून गूढ आहे. विषमज्वराचा वाहक दुसऱ्यास रोग देतो. क्षयाचा जंतू मुकाट्याने बाळगणारा मनुष्य दुसऱ्यास काहीच देत नाही. जगातील सुमारे एकचतुर्थांश लोकांस या जंतूची लागण झालेली आहे असा आजचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांस त्याचा पत्ताही नसतो. शंभरांपैकी पाच ते दहा जणांस आयुष्यात केव्हातरी रोग होतो. उरलेले निरोगी आयुष्य जगून दुसऱ्याच कारणाने मरतात. हे कसे घडते? श्वासावाटे फुप्फुसात गेलेला जंतू भक्षक पेशींनी गिळला की, टी-पेशी व इतर पेशी भोवती गोळा होऊन एक गाठ बांधतात. आमच्या भागात पूर्वी धान्य पेवात घालून वरून माती लिंपीत असत, तसाच हा प्रकार. आत जंतू जिवंत राहतो, परंतु कोंडलेला. त्या पेवावर पहारा मात्र जन्मभर ठेवावा लागतो. उपासमार, मधुमेह, मद्य, धूम्रपान, एड्ससारखा रोग किंवा म्हातारपण यांनी पहारा ढिला पडला की पेव फुटते आणि तीस वर्षांपूर्वी शिरलेला जंतू बाहेर येतो. संधिवातावर दिल्या जाणाऱ्या काही नव्या औषधांनी हा पहारा कसा उठतो, हे २००१ मध्ये दिसून आले. ती औषधे शरीरातील एका विशिष्ट द्रव्यास अडवीत, आणि नेमके तेच द्रव्य ती गाठ टिकवून धरीत असते.

शरीरास आपल्या शत्रूची आठवण राहते, याचा पुरावा अनायासेच मिळाला. डॉ. कॉख यांनी १८९० मध्ये क्षयाच्या जंतूंपासून एक द्रव तयार केला व तो क्षयावरील औषध आहे असे जाहीर केले. साऱ्या युरोपातून रोगी बर्लिनकडे धावले. औषध म्हणून तो द्रव सपशेल फसला आणि त्या महापंडिताच्या कीर्तीस मोठा डाग लागला. परंतु ज्यांच्या शरीरात जंतू असे त्यांना तो टोचला की एकदोन दिवसांत त्यांची प्रकृती त्यास जोराने प्रतिसाद देई, निरोग्याची देत नसे. यावरून पिर्के यांनी १९०७ मध्ये व मांतू यांनी १९०८ मध्ये कातडीवरील परीक्षा तयार केली. दंडाखाली हातावर सुई टोचून दोनतीन दिवसांनी जी सूज मोजतात, ती हीच. सूज आली म्हणजे क्षय झाला असे नव्हे. टी-पेशींची त्या जंतूशी पूर्वी गाठ पडली आहे, इतकाच तिचा अर्थ.

या सर्व ज्ञानातील थोडा भागच हाती असताना वानलेस यांनी १९२० मध्ये मिरज-सांगलीच्या दरम्यान मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापिले. त्या काळी क्षयावर औषध मुळीच नव्हते. सर्व जगभर आरोग्यधामांतील उपचार एकच असे: मोकळी हवा, महिनोन्महिने सक्तीची विश्रांती, दूधअंडी इत्यादी पौष्टिक आहार, आणि काही रोग्यांच्या छातीत हवा भरून आजारी फुप्फुसास काही काळ दाबून निजविणे. जंतूस मारण्याचे साधन वैद्याच्या हाती नव्हते. ज्याच्या हाती होते त्या शरीरास निवांत वेळ द्यावयाचा, एवढेच करता येई. ज्याचे नाव चटकन कापून चटकन बरे करण्याबद्दल झाले, त्या शस्त्रवैद्याने अशा मंद, अनिश्चित व अपयशाने भरलेल्या कामास हात घालावा, यातच त्यांच्या स्वभावाची खरी परीक्षा दिसते. पुष्कळ रोगी तेथून बरे होऊन गेले नसतील. घरातील लेकराबाळांपासून खोकणाऱ्या मनुष्यास दूर ठेवणे, हाही त्या धामाचा उपयोग होता. आमच्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबांतील पुरुष गलाईच्या धंद्यासाठी परप्रांती दाटीवाटीच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्या घरच्या मंडळींस या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दूधअंड्यांच्या त्या उपचारास पुढील पिढीतील वैद्य हसत असत. औषधे निघाल्यावर आहाराचे ते स्तोम कशास, असे त्यांस वाटे. परंतु झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरातील सुमारे दहा हजार माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. काही घरांतील प्रत्येक प्रौढ माणसास दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ, मुलांस त्याच्या निम्मे, व सोबत जीवनसत्त्वे देण्यात आली. इतर घरांस ही शिधासामग्री मिळाली नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयरोग्यांचे प्रमाण शेकडा एकोणचाळीसने कमी झाले. भरल्या पोटी टी-पेशींचा पहारा कडक असतो, हे तांदूळडाळीने सिद्ध केले.

डॉ. वानलेस १९२८ मध्ये सेवानिवृत्त झाले व त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांस सर हा किताब दिला. त्यांच्या सुमारे चाळीस वर्षांच्या कार्याचे हे मोल पुरेसे होते की नाही, याचा वाद आम्ही घालीत नाही. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील ग्लेंडेल येथे जाऊन राहिले व तेथेच ३ मार्च १९३३ रोजी निवर्तले. त्यांचे वय त्या वेळी सदुसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाच्या जंतूस मारणारे पहिले औषध सापडले. कुष्ठरोगावर सल्फोन जातीच्या औषधांचा उपयोग १९४१ पासून सुरू झाला होता. ज्या दोन रोगांपुढे वानलेस यांनी आयुष्यभर हात टेकले, त्यांवर त्यांच्या मागे दहाच वर्षांत औषध निघावे, हा काळाचा खेळ होय. पुढे मद्रास येथे १९५६ मध्ये एक प्रयोग आरंभिला गेला. काही क्षयरोग्यांस आरोग्यधामात ठेवून व काहींस त्यांच्या गरीब वस्तीतील घरीच ठेवून एकच औषधे वर्षभर दिली. दोहोंचा गुण जवळजवळ सारखा आला, आणि घरच्या माणसांसही अधिक लागण झाली नाही. १९५९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच जगभरच्या आरोग्यधामांचा काळ संपला. वानलेसवाडीच्या आरोग्यधामाचे रूपांतर पुढे छातीच्या रोगांच्या इस्पितळात झाले व त्यास सर विल्यम वानलेस यांचेच नाव देण्यात आले.

कुष्ठरोगासाठी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची रीत सुचविली. ही औषधे सुरू केल्यापासून थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे थांबते, आणि सहा महिने ते एक वर्ष एवढ्या काळात जंतूंचा नाश होतो. जंतू मेल्यावरही कित्येकांच्या शरीरात मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर प्रतिकाराचे झटके काही काळ येत राहतात. तेव्हा हात, पाय व डोळे यांस जपण्यासाठी वैद्याकडे त्वरित जावे लागते. कारण मज्जातंतू एकदा मेला की त्यास परत आणणारे औषध नाही.

कायद्यास मात्र औषधापेक्षा अधिक वेळ लागला. कुष्ठरोग्यांस कोंडण्याची सोय करणारा १८९८ चा तो कायदा हिंदुस्थानच्या कायदेपुस्तकातून २०१६ मध्ये रद्द झाला. पतीस वा पत्नीस कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून पुढे करण्याची मुभा त्यानंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, काढून टाकण्यात आली.